कुंडल रोडची किर्लोस्करवाडी : माळावर वसलेल्या एका वस्तीची जन्मकथा

आपल्या भागातील बहुतेक गावांना जन्मतिथी नाही. एखादा शिलालेख, मंदिराच्या भिंतीतील एखादी जुनी मूर्ती, वतनाचे जीर्ण कागद यांवरून गाव किमान अमुक शतकांचे असावे एवढे म्हणता येते. परंतु पहिली चूल कोणी पेटविली, पहिली विहीर कोणी खणली आणि लोक नेमके येथेच का थांबले, याचे उत्तर गावातील सर्वांत वृद्ध माणसाकडेही नसते. या नियमाला अपवाद असलेली एक वस्ती आपल्या अगदी शेजारी आहे, ती म्हणजे किर्लोस्करवाडी. तिचे जन्मवर्ष १९१०. जमीन कोणी दिली, किती दिली, कोण लोक आले, कोठून आले आणि ते आले त्या दिवशी तेथे काय होते, हे सारे ठाऊक आहे. गाव कशाने बनते, याचा विचार करावयाचा झाल्यास या वाडीइतके सोयीचे उदाहरण मला दुसरे आढळले नाही.

जैन ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत एका कारखान्याच्या वसाहतीवर लेख कशासाठी, असे काही श्रावक बंधू-भगिनी विचारतील. त्याचे पहिले उत्तर कुंडल हे आहे. कुंडलचे कलिकुंड पार्श्वनाथ मंदिर आणि डोंगरावरील झरी पार्श्वनाथ व गिरी पार्श्वनाथ ही आपली अतिशय क्षेत्रे. आगगाडीने येणारा यात्रेकरू ज्या स्थानकावर उतरत असे, त्याचे नाव होते कुंडल रोड. गाव काही मैल आत आणि स्थानक उघड्या माळावर. रेल्वेने त्या काळी अशी पुष्कळ स्थानके बांधली आणि त्यांच्या नावापुढे 'रोड' हा शब्द जोडला. त्याचा अर्थ एवढाच, की गाव येथे नाही, येथून तिकडे जाणारा रस्ता आहे. अशा एका 'रोड'वर, जेथे गाव नव्हते तेथे, ही वाडी वसली. दुसरे उत्तर नांगर हे आहे. कृष्णाकाठचा जैन समाज हा केवळ पेढीवर बसणारा नाही. त्यातील फार मोठा भाग पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आला आहे, आणि या वाडीत प्रथम जे तयार झाले ते त्यांच्याच शेतात चालले.

ही वाडी उभारणारे लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकला शिकावी म्हणून ते मुंबईस गेले. परंतु रंगांतील फरक ओळखण्यात डोळा कमी पडू लागल्याने त्यांनी रंग सोडून यांत्रिक आरेखन धरले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक झाले. तेथे बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर नोकरीस रामराम ठोकून ते बेळगावला परतले. वडीलबंधू रामुअण्णांसह त्यांनी सायकलींचे दुकान काढलेलेच होते. त्याला जोडून कडबा कापण्याचे यंत्र तयार होऊ लागले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. हे सर्व चरित्रग्रंथांतून पुष्कळ सांगितले गेले असल्याने येथे अधिक विस्तार करीत नाही.

नांगराविषयी मात्र दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण तरुण वाचकांपैकी पुष्कळांनी लाकडी नांगर चालताना पाहिलेला नसेल. लाकडी नांगर जमीन चिरतो, उलटवीत नाही. काळ्या रानात हरळी आणि कुंदा यांची मुळे खोल गेली, की बैलांच्या चार-चार जोड्या जुंपूनही ती निघत नसत. अशी जमीन शेवटी पडीक टाकावी लागे. लोखंडी नांगराची पात माती उलथी करते. खालची मुळे वर येऊन उन्हात वाळतात. असे असूनही पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. आज आपण हसतो. पण व्यापारात चाळीस वर्षे घालविल्यानंतर मला त्या शेतकऱ्यांचे हसू येत नाही. टेरिलीन प्रथम दुकानात आले तेव्हा त्याने अंगाला खाज सुटते म्हणून हात न लावणारी गिऱ्हाइके वडिलांनी पाहिली होती. ज्याचे सारे पोट एकाच गोष्टीवर अवलंबून आहे, तो त्या गोष्टीवर प्रयोग करण्यास लवकर तयार होत नाही.

नांगर खपू लागले, कारखाना बसला असे वाटू लागले आणि त्याच सुमारास बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी कारखान्याची जागा हवी झाली. शेड पाडून सामान हलविण्याची पाळी आली. हलवावयाचे कोठे, हा प्रश्न होता. कारखाना म्हणजे दुकान नव्हे, की गल्ला आणि तागे उचलले आणि पलीकडच्या पेठेत जाऊन बसले. भट्टी, यंत्रे, साचे, कारागीर आणि कारागिरांची मुलेबाळे, एवढे सर्व घेऊन जावयाचे होते.

येथे औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा प्रवेश होतो. १९०९ मध्ये ते गादीवर आले होते. चित्रकार, सूर्यनमस्कारांचे पुरस्कर्ते आणि औंधच्या वस्तुसंग्रहालयाचे निर्माते म्हणून त्यांना सर्व महाराष्ट्र ओळखतो. औंधला एक सभागृह बांधण्याच्या कामासाठी त्यांनी लक्ष्मणरावांना बोलाविले होते. लक्ष्मणरावांची अडचण कळल्यावर त्यांनी आपल्या संस्थानात येऊन कारखाना घालण्यास सांगितले आणि १०,००० रुपये बिनव्याजी कर्जाऊ दिले. औंध संस्थान सलग नव्हते. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे, कुंडल तिसरीकडे आणि गुणदाळ तर थेट विजापूर जिल्ह्यात, अशा विखुरलेल्या तुकड्यांचे ते राज्य होते. त्यातील रेल्वेला लागून असलेला भाग कुंडलचा. म्हणून कुंडल रोड स्थानकाजवळची ३२ एकर जमीन मुक्रर झाली.

वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मी या व्यवहाराचा पुष्कळदा विचार केला आहे. ३२ एकर माळ दिला, त्यावर पीक निघत नव्हते. म्हणजे त्या जमिनीचे उत्पन्न जवळजवळ शून्य धरले, तरी चालेल. परंतु १०,००० रुपये ही १९१० सालची रक्कम आहे, आणि तीही एका लहान संस्थानाची. ज्याचा कारखाना नुकताच उठला आहे, ज्याचा माल शेतकऱ्यांनी दोन वर्षे घेतला नव्हता, अशा माणसाला व्याजाशिवाय एवढी रक्कम देणारा सावकार आमच्या पेठेत तेव्हा नव्हता आणि आजही नाही. बँक तर तारणाची कागदपत्रे मागते. बाळासाहेबांनी काय पाहिले? माझ्या मते त्यांनी माल पाहिला नाही, माणूस पाहिला. आपल्या समाजात पतीवर व्यवहार करण्याची रीत आहे, म्हणून हे आपल्याला लगेच समजते. पण पत ही बहुधा आपल्याच नात्यागोत्यात किंवा बाजारात ओळख असलेल्यांत चालते. राजाने एका नवख्या कारखानदाराला ती द्यावी, हे वेगळे होते.

तर असा हा माळ. निवडुंगाने भरलेला, सापांचा सुळसुळाट, सावलीला झाड नाही, प्यायला पाणी जवळ नाही. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी पुढे लिहिलेल्या इंग्रजी आत्मचरित्राचे नाव 'कॅक्टस अँड रोझेस' असे आहे. त्यातील निवडुंग हा केवळ अलंकार नव्हे, तो खरोखरीच तोडावा लागला होता. सुमारे पंचवीस कामगार आपापल्या कुटुंबांसह आले. तंबू आणि झोपड्या यांतून सुरुवात झाली. कारखान्याची शेड आणि राहण्याची घरे एकदमच उभी करावी लागली, कारण घर नसेल तर कामगार राहणार नाही आणि काम नसेल तर घराचे भाडे कोठून येणार. वसाहतीच्या आखणीची व तिच्या रोजच्या व्यवस्थेची जबाबदारी रामुअण्णांकडे होती. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी ही आरंभीच्या सहकाऱ्यांतील नावे. यांपैकी सर्वांकडे मोठ्या पदव्या होत्या असे नाही. काम करता करता माणूस तयार होतो, यावर लक्ष्मणरावांचा भरवसा होता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी रात्रीच्या राखणीवर नेमले, ही गोष्ट तर सर्वश्रुत आहे. जातीचा प्रश्न कामावर घेताना त्यांनी आड येऊ दिला नाही, अस्पृश्यता त्यांना मान्य नव्हती.

आता या वस्तीत काय नव्हते, ते पाहू. पाटील नव्हता, कुलकर्णी नव्हता. बलुतेदार नव्हते. गावकीचा मान कोणाचा आधी, होळीला पहिली पोळी कोणाची, बैलपोळ्याला कोणाचा बैल पुढे, हे वाद नव्हते, कारण मान सांगण्यासाठी आजोबा-पणजोबा तेथे कोणाचेच नव्हते. आपल्या खेड्यांत माणूस जन्मतःच एका जागी बसविलेला असतो. त्याचे घर कोणत्या आळीत, विहीर कोणती, पंगतीत जागा कोठे, हे त्याच्या आधीच ठरलेले. वाडीत त्याची जागा तो कोणते यंत्र चालवितो यावरून ठरे. कुंडल, पलूस, बुर्ली या भोवतालच्या गावांतील एखाद्या सुताराच्या किंवा लोहाराच्या मुलाच्या दृष्टीने विचार करा. बाप बलुत्यावर नांगराचा फाळ शेवटून देई आणि सुगीला पायली-दोन पायली धान्य घेई. मुलगा त्याच हातकसबावर वाडीत जाऊन महिन्याच्या महिन्याला रोख पगार घेऊ लागला. फाळाऐवजी तो आता साचे करीत होता, कातकाम करीत होता. कसब तेच, पण धान्याच्या जागी नाणे आले आणि कोणाच्या दारी जाऊन उभे राहणे संपले.

या फरकाची नोंद आमच्या दुकानाच्या वह्यांतही दिसते. शेतकरी गिऱ्हाइकाचे खाते सुगीवर चाले. ज्वारी, भुईमूग, पुढे ऊस निघाला की बाकी चुकती होई, आणि लग्नसराईचे लुगडे-धोतर-खण पुन्हा उधारीवर जाई. पाऊस लांबला तर आमची वसुलीही लांबे. पावसाकडे जितक्या चिंतेने शेतकरी पाही तितक्याच चिंतेने कापडदुकानदारही पाही, हे बाहेरच्यांना ठाऊक नसते. वाडीच्या गिऱ्हाइकाचे खाते मात्र तारखेवर चाले. पगार झाला, की त्याच आठवड्यात रक्कम जमा. मांजरपाटापेक्षा लाँगक्लॉथ आणि पॉपलीन त्यांच्यात अधिक खपे. मुलांना शाळेचे कपडे वर्षारंभी एकदम लागत. आजोबांनी वाडीसाठी वेगळी वही घातली होती. एकाच पंचक्रोशीत दोन पंचांग चालू होते, एक पावसाचे आणि दुसरे पगाराचे.

पहिले महायुद्ध १९१४ मध्ये सुरू झाले आणि परदेशी नांगरांची आवक आटली. देशी नांगराला मागणी आली, पण कच्चे लोखंड आणि कोक मिळेना. या टंचाईत कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी संस्थानातील जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या आणि त्यांचे नांगर झाले, असे सांगितले जाते. आदिनाथ भगवंतांनी कर्मभूमीच्या आरंभी मानवाला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही सहा उपजीविकेची साधने शिकविली, असे आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात वर्णन आहे. तोफेचा नांगर होतो तेव्हा असि कृषीच्या कामी येते, आणि ते घडवून आणते शिल्प. वाडीच्या आरंभीच्या दहा वर्षांत मला ही साधने एकमेकांना जोडलेली दिसतात.

येथे एक शंका घेणे प्राप्त आहे. आपल्या श्रावकाचारात पंधरा कर्मादानांचा उल्लेख येतो, म्हणजे श्रावकाने टाळावयाचे व्यवसाय. त्यांत भट्टीशी निगडित अंगारकर्म आहे आणि भूमी फोडण्याचे स्फोटकर्मही आहे. काटेकोरपणे पाहिले तर ओतशाळाही त्यात येते आणि नांगरही येतो. मग आदिनाथांनी शिकविलेल्या कृषीचे काय? विद्वानांनी या विषयावर पुष्कळ लिहिले आहे आणि मी त्या अधिकाराचा नाही. माझे निरीक्षण एवढेच, की कृष्णाकाठच्या शेतकरी श्रावकांनी हा प्रश्न शास्त्रार्थाने सोडविला नाही. चातुर्मासात रात्रिभोजनाचा त्याग सांभाळून आणि पाणी गाळून पिऊन दिवसा ते आपल्या रानात नांगर धरीत राहिले. त्यांच्या धान्यावर गावोगावची मंदिरे उभी राहिली, हे आपण पेढीवरच्यांनी विसरू नये.

सहा साधनांपैकी मसि म्हणजे लेखन. तेही वाडीत आले आणि ज्या रीतीने आले ते खरोखर नवलाचे आहे. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली, आणि त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. नावाप्रमाणे ते कारखान्याच्या बातम्या देणारे पत्रक होते, नांगराच्या गिऱ्हाइकांसाठी काढलेले. त्याचे काही वर्षांत 'किर्लोस्कर' हे सर्व महाराष्ट्रात वाचले जाणारे मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' त्याला येऊन मिळाले. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख, स्त्रियांच्या शिक्षणाचे, विवाहाचे, मालमत्तेचे प्रश्न, रूढींवरील टीका, हे सारे मराठी घरांत पोहोचत होते आणि त्याच्या पाकिटावर टपालशिक्का असे किर्लोस्करवाडीचा. मुंबई-पुण्याच्या लेखकांनी आपले हस्तलिखित सातारा जिल्ह्यातील मीटरगेज मार्गावरच्या एका लहानशा स्थानकाच्या पत्त्यावर पाठवावे, असे त्यापूर्वी कधी झाले नव्हते. आमच्या घरी 'स्त्री'चे अंक आजीने बांधून ठेवलेले होते. तिला अक्षरओळख धार्मिक पाठशाळेत झाली, पण वाचनाची गोडी या मासिकाने लागली, असे ती स्वतः म्हणे. त्यातील काही मते तिला मुळीच पटत नसत आणि ती ती मोठ्याने वाचून दाखवून त्यावर आक्षेप घेई. तरीही पुढचा अंक वेळेवर आला नाही तर चौकशी करी.

भोवतालचा मुलूख मात्र शांत नव्हता. २१ जानेवारी १९३९ रोजी औंधला स्वराज्याची घटना लागू झाली. गांधीजींचा सल्ला आणि मॉरिस फ्रिडमन यांचा प्रयत्न तिच्यामागे होता. राजाने स्वतः होऊन अधिकार प्रजेच्या हाती सोपविले आणि ग्रामपंचायती हा राज्याचा पाया ठरला. पुढे १९४२ च्या लढ्यानंतर क्रांतिसिंह नाना पाटील यांचे प्रतिसरकार साताऱ्यात उभे राहिले. त्याचे एक प्रमुख केंद्र म्हणजे कुंडल. जी. डी. बापू लाड हे कुंडलचेच. ७ जून १९४३ रोजी याच मार्गावरील शेणोलीजवळ पे स्पेशल रेल्वेगाडी लुटण्यात आली. एका बाजूला शिस्तीत भोंगा वाजला की कामावर जाणारी वाडी आणि काही मैलांवर ब्रिटिशांचे राज्य नाकारणारे कुंडल. त्या काळातील तरुणांना या दोन्हींत विरोध वाटला नसावा. औंधच्या हद्दीत ब्रिटिश पोलिसांचा हात थेट पोहोचत नसे, आणि या आडोशाचा लाभ चळवळीला झाला.

आता जे लिहावयाचे आहे ते लिहिताना हात अडखळतो, पण स्मरणिकेत केवळ गोड तेच लिहावे असा नियम नसावा. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मण कुटुंबांची घरे आणि व्यवसाय यांवर जमाव चालून गेले. किर्लोस्करवाडीचा कारखानाही त्या आगीत सापडला. ज्या पंचक्रोशीतील माणसांना या वाडीने काम दिले, ज्यांच्या रानात तिचे नांगर चालले, त्याच पंचक्रोशीत हे घडले. वडील त्या दिवसांविषयी फारसे बोलत नसत. दुकान काही दिवस बंद होते आणि रात्री आकाश लाल दिसे, एवढेच सांगत. लोकांनी लोखंड घेतले, पगार घेतला, मासिक घेतले, तरी वाडीला आपले म्हटले नव्हते काय? की आपले म्हटलेल्यांनाही अशा वेळी जमावापुढे उभे राहता आले नाही? या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकत नाही, परंतु वस्तीच्या इतिहासातून तो वगळणे अप्रामाणिकपणाचे होईल. एवढे मात्र खरे, की जळालेला कारखाना पुन्हा उभा राहिला आणि तेथेच उभा राहिला. बेळगावहून एकदा उठलेल्या माणसांनी दुसऱ्यांदा जागा सोडली नाही.

त्याच वर्षीच्या मार्चमध्ये औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. ज्या राजाच्या शब्दावर वाडी वसली, त्याचे राज्य गेले, पण वाडी राहिली. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. कारखान्याचा व्यापही तोवर पांगला होता. हरिहर, पुणे, बेंगळूर येथे किर्लोस्करांचे नवे उद्योग निघाले. मासिकेही पुढे पुण्यास गेली. वाडीत नांगरापेक्षा पंपांचे महत्त्व वाढत गेले, आणि पंपांचे काम तेथे आजही चालू आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो क्रम स्वाभाविकच होता. आधी जमीन उलटविण्याचे साधन, मग तिला पाणी देण्याचे. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी निवर्तले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.

मला सर्वांत अधिक बोचणारी गोष्ट वेगळी आहे. वाडीतील घर हे कारखान्याचे घर. नोकरी आहे तोवर राहावयाचे, निवृत्त झाले की किल्ली परत द्यावयाची. त्यामुळे तीस-पस्तीस वर्षे तेथे काढलेला माणूसही 'तुमचे गाव कोणते' असे विचारल्यावर वाडीचे नाव घेत नाही. तो कडेगाव म्हणतो, तासगाव म्हणतो, कोकणातील एखादे गाव सांगतो. त्याची मुले वाडीच्या शाळेत शिकली, वाडीच्या मैदानावर खेळली, पण सातबाऱ्यावर नाव नाही आणि वडिलोपार्जित उंबरा नाही. खेड्यातील माणूस मुंबईला जाऊन तीस वर्षे राहिला तरी त्याचे गाव सुटत नाही. येथे तीस वर्षे राहूनही ते जडत नाही. वतन नसल्याने मान-अपमानाचे वाद टळले, हे मी वर लिहिले. त्याची ही दुसरी बाजू. लक्ष्मणराव, शंकरराव, शंतनुराव यांच्याविषयी ग्रंथ आहेत. परंतु पहिल्या पंचवीस कामगारांच्या बायकांनी त्या निवडुंगात पाणी कोठून आणले, साप निघाल्यावर काय केले, पहिले मूल कोणाच्या घरी जन्मले, हे त्या कुटुंबांबरोबर गावोगाव विखुरले गेले आहे.

म्हणून हा लेख लिहिण्यापूर्वी मी आमच्या दुकानाची वाडीची जुनी वही काढून पाहिली. वाळवीने बरेच खाल्ले आहे. तरी नावे वाचता येतात: आडनाव, हुद्दा, मापे, लग्नासाठी नेलेल्या वस्त्रांची यादी. कोणाच्या घरी कोणत्या साली बारसे झाले हे कापडाच्या खरेदीवरून कळते. अशा वह्या आपल्या समाजातील इतर व्यापारी कुटुंबांच्या माळ्यावरही असणार. किराणा, भांडी, सोने-चांदी, औषधे, प्रत्येक दुकानाला वाडीचे गिऱ्हाईक होते. ट्रस्टच्या ग्रंथालयात एक कपाट या वह्यांसाठी द्यावे, असा विचार मी विश्वस्त मंडळापुढे मांडला आहे आणि अध्यक्षांनी त्यास अनुकूलता दर्शविली आहे. ज्यांच्याकडे अशी कागदपत्रे असतील, त्यांनी ती रद्दीत घालण्यापूर्वी ट्रस्टच्या कार्यालयात दाखवावीत. खाजगी हिशेबाची पाने झाकून ठेवण्याची व्यवस्था होऊ शकेल.

आज त्या स्थानकावर कुंडल रोड ही पाटी नाही. किर्लोस्करवाडी अशी पाटी आहे, आणि पार्श्वनाथांच्या दर्शनाला रेल्वेने येणारा यात्रेकरू तेथेच उतरून कुंडलची वाट विचारतो.